राजीनाम्यानंतरची हजेरी

हे खरं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर पुढच्या गोष्टीकडे सरका. माझ्यावर उपकार करायची गरज नाही.

भूत म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, बाराचे ठोके लागतात. इथं तसलं काही नाही. गेल्या डिसेंबरातला मंगळवार. सकाळचे साडेसात. गाव मंगरूळपीर, आमचीच गल्ली. ऊन पडलं होतं. नळ आले होते आणि बाया पाण्यावरून भांडत होत्या.

माझी मावसबहीण सुकेशनी चहा ठेवत होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला...

फोन जुनैदचा. तिचा नवरा उत्कर्ष ज्या बियाणं-औषधाच्या कंपनीत होता, तिथलाच त्याचा जोडीदार.

"भाभी, उत्कर्षभाऊ कुठी हायेत?"

"झोपले हायेत. काहून?"



"पक्कं झोपले हायेत? पाहून सांगा."

सुकेशनीनं वळून पाहिलं. उत्कर्ष गोधडीत घोरत होता.

"अरे बापा, हायेत घरातच. झालं काय?"

"मंग ग्रुपवर फोटो कोणाचा आला?"

आता ही फोटोची भानगड आधी सांगतो.

उत्कर्ष त्या कंपनीत नऊ वर्षं होता. आसेगावपासून किन्हीराजापर्यंत चाळीस खेडी त्याच्याकडे. रोज सकाळी आठच्या आत कोणत्यातरी शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली गावाचं नाव, तारीख, वेळ आपोआप येते. तीच हजेरी. फोटो नाही आला तर साहेबाचा फोन. माणूस न्हाणीत असो की मयतीत, साहेबाला त्याचं काही नाही. टार्गेट, टार्गेट आणि टार्गेट. जळो ती नोकरी!

छत्तीस वर्षांचा माणूस. दिवाळीच्या तोंडावर एका दुकानात बोलता बोलता धाडकन पडला. बीपी एकशे ऐंशी. डॉक्टरनं आठ दिवस आराम सांगितला. साहेबानं दोन दिवस दिले.

मग जुनैदनं अक्कल लढवली. तारीख मागेपुढे करता येणारं ॲप त्यानं शोधून दिलं. एका रविवारी सुकेशनी इस्त्री केलेले सहा शर्ट घेऊन उत्कर्षसोबत आसेगावच्या शिवारात गेली. हरभरा नुकता दोन बोटं वर आला होता. तिथं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून त्यानं सहा शर्ट बदलले आणि तिनं सहा फोटो काढले. सहा दिवसांचे.

"ताठ उभे राहा," ती म्हणत होती. "बिमार दिसू नका."

पुढचे सहा दिवस उत्कर्ष घरी झोपला आणि त्याचा फोटो ड्यूटीवर गेला. साहेबाला कसं बनवलं म्हणून ते दोघं हसले. मीही हसलो. कोणाला काय माहीत होतं!

पण आठ दिवसांच्या आरामानं काय होते? नोव्हेंबरात पुन्हा छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, "नोकरी की जीव, एक काय ते ठरवा." सुकेशनीनं तिथंच ठरवलं.

"शिर सलामत तो पगडी पचास. मी मशीन चालवतो, ब्लाऊज शिवतो, घर चालते. तुमी फक्त जिवंत राहा."

महिनाअखेरीस उत्कर्षनं राजीनामा दिला. कंपनीचं सिमकार्ड वाशिमच्या ऑफिसात जमा केलं. पहिल्याच आठवड्यात माणसाच्या चेहऱ्यावर रंग आला. दोन भाकरी खाऊ लागला. बीपी एकशे तीसवर उतरलं. सुकेशनीचा जीव भांड्यात पडला.

आणि मग हा मंगळवार.

जुनैदनं फोटो पाठवला.

उत्कर्ष. आसेगावचा धुरा. निळा चौकड्यांचा शर्ट. तारीख आजची, वेळ सात बारा. नंबर तोच, जमा केलेल्या सिमचा.

"जुना फोटो असन," सुकेशनी म्हणाली. "कोणीतरी मस्करी करून राह्यलं."

पण ती शेतकऱ्याची पोर. फोटो मोठा करून पाहिला आणि तिचा हात थांबला.

हरभरा गुडघ्याला लागला होता. फुलावर होता.

त्या रविवारी तो दोन बोटं होता...

तिनं फोन ठेवला. उत्कर्ष अजून झोपलेलाच. गोधडी सरकवायला म्हणून तिनं पायांना हात लावला.

पाय ओले होते.

बर्फासारखे गार. आणि घोट्यापर्यंत पांढरट चट्टे. हरभऱ्यात सकाळी दहिवरात चाललं की झाडाची आंब लागते, पाय चरचरतात. हे तेच चट्टे. सुकेशनीनं बोट लावून जिभेवर टेकवलं.

आंबट.

उत्कर्ष जागा झाला. "पाय काहून जळून राह्यले माये?"

तिनं काही सांगितलं नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाला काय सांगणार?

बुधवारी पुन्हा फोटो. गुरुवारी पुन्हा.

गुरुवारच्या फोटोत नवा पांढरा शर्ट होता. असा शर्ट घरात एकच होता, तिनं परवाच बाजारातून आणलेला. उत्कर्षनं तो अंगाला लावलाही नव्हता. तिनं धावत जाऊन कपाट उघडलं. शर्ट घडीतच होता. टाचण्या जागच्या जागी, कॉलरखालचा पुठ्ठासुद्धा तसाच.

पण कॉलर घामानं मळली होती.

इकडे उत्कर्ष दिवसागणिक उतरत चालला. बीपी दीडशे. मग एकशे सत्तर. गोळ्या वाढल्या, फरक शून्य. उठलं की दम, बसलं की दम. दिवसभर गोधडीत पडलेला माणूस, पण थकवा असा की जणू चाळीस खेडी फिरून आला.

आणि फोटोतला?

फोटोतला फुलत होता. गाल भरले. छाती पुढे. एकदम ताठ.

साहेबानं ग्रुपवर लिहिलं, "शाब्बास! सगळ्यांनी उत्कर्षकडून शिका."

सुकेशनीचं डोकं फिरलं. तिनं सरळ साहेबाला फोन लावला. स्पीकरवर. तेव्हा मी तिथंच होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

"साहेब, यायनं राजीनामा देल्ला. मंग यायच्या नावानं कोण येऊन राह्यलं?"

साहेब हसला. "अहो ताई, राजीनामा मी फाडून टाकला. तो रोज वेळेवर येतो. नऊ वर्षांत केलं नाही एवढं काम पंधरा दिवसांत केलंय त्यानं. जेवायला सुटी मागत नाही, आजारी पडत नाही. असा माणूस मी सोडतो होय?"

"साहेब, हे घरी हायेत. माह्यासमोर पडून हायेत."

"काहीतरीच काय? इथे माझ्यासमोर बसलाय. थांबा, देतो त्याच्याकडे."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग श्वास...

"हॅलो."

उत्कर्षचा आवाज. भरदार, दुखण्याआधी होता तसा.

आम्ही दोघांनी खाटेकडे पाहिलं. उत्कर्षचे डोळे मिटलेले होते. पण ओठ हलले होते.

"काय झालं? कामात हाव मी."

पुन्हा ओठ हलले. आवाज खाटेवरून आला नाही. फोनमधून आला.

सुकेशनीनं फोन फेकला. नवऱ्याला गदागदा हलवलं. त्यानं डोळे उघडले, तोंड उघडलं, काहीतरी म्हणायला गेला.

घशातून नुसती हवा आली.

त्या दिवसापासून उत्कर्ष बोललेला नाही. डॉक्टरनं घसा तपासला. म्हणाला, काही दोष नाही.

माझी बहीण रडणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं जुनैदला मोटरसायकल घेऊन बोलावलं. मला म्हणाली, "दादा, तू यायच्याजवळ बस. हात सोडू नको." आणि ती आसेगावला गेली.

पुढचं तिनं सांगितलेलं.

धुकं होतं. शेताची मालकीण रुपाबाई हरभऱ्यातलं गवत काढत होती. सुकेशनीला पाहून तिनं कमरेवर हात ठेवला.

"तू त्या कंपनीवाल्याची बायको ना वं? सांग त्याले जरा. रोज येऊन उभा राह्यते, बोलत नाही, चालत नाही. काल भाकर देल्ली तं नुसता पाहे. माह्या जिवाले घोर लागला बाई."

"आज आला?"

"तो काय उभा!"

रुपाबाईनं धुऱ्याकडे बोट केलं.

धुऱ्यावर कोणी नव्हतं.

जुनैदलाही दिसलं नाही. तो "भाभी, चला वापस" म्हणत राहिला. सुकेशनी हलली नाही. ती ओरडली, "राजीनामा देल्ला त्यायनं! आता तुह्यं इथं काही काम नाही. जाय!"

सगळं शांत. पाखरूसुद्धा बोलेना.

मग हरभऱ्यावरचं दहिवर झडू लागलं...

धुऱ्यापासून. एका ओळीत. एक झाड हललं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. कोणी चालत यावं तसं. आणि चालणारं कोणी नाही.

ओळ तिच्यापासून दोन हातांवर थांबली.

घामाचा वास आला. उत्कर्षच्याच घामाचा. नऊ वर्षं त्याचे शर्ट धुणाऱ्या बाईला तो ओळखू येणार नाही का?

"ज्यानं राजीनामा देल्ला, त्याले ठेव घरी," आवाज म्हणाला. "मी काहून सोडू?"

सुकेशनी एक पाऊल मागं सरकली.

"मी तं बिमार नाही."

जुनैदनं तिला ओढत गाडीवर बसवलं. तो आवाज त्यानंही ऐकला होता. त्याच आठवड्यात त्यानंही नोकरी सोडली. आता भावाच्या दुकानात बसतो, फोटो काढू देत नाही कोणाला.

आणि इकडे माझ्या हातात उत्कर्षचा हात होता. साडेसातच्या सुमारास तो हात एकदम हलका झाला. वजनच गेलं त्यातलं. रिकामी बाही धरावी तसा. मी घाबरून घट्ट दाबला. बऱ्याच वेळानं तो पुन्हा थोडा जड झाला. थोडाच.

सुकेशनीनं ठरवलं की हे घर सोडायचं. आसेगावपासून दूर, त्या फोटोतल्याला ठाऊक नाही अशा ठिकाणी. इंझोरीला तिच्या आत्याच्या शेतात दोन खोल्या आहेत. तिथं उत्कर्ष आयुष्यात कधी गेला नव्हता. रात्रीतून सामान भरलं. मला शपथ घातली, "दादा, कोणालेच सांगू नको. माह्या सासरी बी नाही."

मी शब्द दिला.

इंझोरीत फरक पडला! आठ दिवसांत उत्कर्ष उठून बसला. ताक पिऊ लागला. बीपी उतरलं. फोनवर सुकेशनी कितीतरी दिवसांनी हसली. "वाचले दादा. आता वाचले."

हे तीन आठवड्यांपूर्वीचं.

परवा संध्याकाळी मी दारात उभा होतो. गल्लीत पोरं खेळत होती. शेजारच्या कमलीबाई तांदूळ निवडत होत्या. मोटरसायकल येऊन थांबली आणि उत्कर्ष उतरला.

तजेलदार, भरलेला चेहरा, खांद्यावर बॅग.

कमलीबाई कौतुकानं म्हणाल्या, "काय तब्येत सुधरली रे बापा! नोकरी सोडली, बरं केलं."

तो हसला. माझ्याकडे आला.

"भाऊ, घराले कुलूप हाय. सुकेशनी कुठी गेली?"

आता मला काय म्हणायचं ते म्हणा. इतकं सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी. पण महिनाभर ज्याला मरताना पाहिलं, तो माणूस धडधाकट समोर उभा होता. पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. वाटलं, बरा होऊन आला! आवाज परत आला!

"इंझोरीले," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मग मला खाटेवरचा उत्कर्ष आठवला.

"बरं," तो म्हणाला. किक मारली आणि निघून गेला.

मी लगेच सुकेशनीला फोन लावला. सगळं सांगितलं.  मागे उत्कर्षचा खोकला ऐकू येत होता, तो खरा, खाटेवरचा.

मग ती म्हणाली, "दादा, काहून सांगतलं?"



कालपासून तिचा फोन लागत नाही. इंझोरीला जायला मी दोनदा निघालो. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तिथं दार कोणता उत्कर्ष उघडेल या विचारानं परत आलो.