आतून पुसलेली काच

जेवणाच्या सुट्टीत ताई घड्याळ दाखवायला निघाली. इस्पितळाच्या लाँड्रीत तिला सगळे ताईच म्हणत. काम साधंच होतं. नवऱ्याच्या घड्याळात पुन्हा ओल धरली होती, ती काढून घ्यायची. दिवसभर उकळत्या चादरींच्या वाफेत हात, मग घड्याळात वाफ जाणारच, अशी ती मनाची समजूत घालत होती. पण खरी गोष्ट निराळी होती. लाँड्रीत काच लख्ख असायची. धुकं धरायचं ते संध्याकाळी, घरी न जाता ती कुठे रेंगाळली की.

नवरा हिवाळ्यात गेला. छातीत पाणी झालं होतं. जिवंत होता तोवर ताईच्या जाण्यायेण्यावर त्याचा पहारा असे. ती दारात आली की मनगट पकडायचा, आपलं घड्याळ तिच्या नाकासमोर धरायचा आणि हळूच विचारायचा, "किती वाजले?" आवाज कधी चढवायचा नाही, म्हणून शेजारीपाजारी त्याला देवमाणूस समजत. तो गेल्यावर ताईनं पट्ट्याला नवी भोकं पाडली आणि ते घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवलं.

"दादाची आठवण म्हणून का गं, वहिनी?" नणंदेनं विचारलं होतं.

"छे. आता वेळ माझी आहे म्हणून."

घड्याळवाल्या काकांचं दुकान जिन्याखाली होतं, दोन माणसं जेमतेम मावतील एवढं. मागच्या खेपेला काकांनी पाठ उघडून सगळं सुकवलं होतं, आतली रबराची रिंग बदलली होती, घड्याळ पाण्यात बुडवून पाहिलं होतं. बुडबुडासुद्धा आला नव्हता.

आज त्यांनी पुन्हा पाठ उघडली आणि नाक मागे घेतलं. औषधाचा, घामाचा, बंद खोलीत पडून राहिलेल्या माणसाचा वास. ताईला तो वास चांगला ठाऊक होता. तिनं पदर नाकाला लावला नाही.

"बाहेरून थेंबही जात नाही यात," काका पुटपुटले.

"मग येतं कुठून?"

गरम हवा मारून काकांनी आतला कण न् कण कोरडा केला, पाठ बसवली आणि घड्याळ दिव्याखाली ठेवलं. दोघं बघत राहिली. काचेच्या मधोमध धुकं उमटलं... विरलं. पुन्हा उमटलं... पुन्हा विरलं. कुणीतरी अगदी जवळ तोंड आणून श्वास सोडावा तसं. आणि मग त्या धुक्यावरून आतून अंगठा फिरला. सावकाश. बाहेरचं दिसावं म्हणून.

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं.

"ताई... उघडंच ठेवू या का? जे काही आहे ते... निघून जाईल."

"जाईल कुठे? माझ्या घरीच ना?" ताईचे शब्द स्पष्ट आले. "घरी माझी पोरगी आहे, काका. बंद करा. आहे त्याहून घट्ट."

"आणि तुम्ही?"

"मी घालणार. जन्मभर मला धरून ठेवलं ना त्यानं? आता तो माझ्या हाताला. मी नेईन तिकडे यायचं."

त्या संध्याकाळी ती पोरीला घेऊन आइस्क्रीम खायला गेली. नवऱ्याच्या राज्यात असली चैन नव्हती. मोठमोठ्यानं हसणं तर नव्हतंच. पोरगी शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती. ताई पोट धरून हसली, तोच मनगट बर्फासारखं गार पडलं. पट्टा आवळू लागला. त्याची बोटं आवळायची तसाच, अगदी त्याच जागी. तिची बोटं निळी पडायला लागली.

काढून भिरकावून द्यावं, एवढंच क्षणभर वाटलं. मग तिनं मनगट तोंडाजवळ आणलं.

"विचार ना, किती वाजले," ती कुजबुजली. "उशीर झालाय. अजून होणार आहे. बघ... नीट बघ."

काच पांढरीफटक झाली. अंगठा रागारागानं फिरला, काच पुन्हा भरली, पुन्हा फिरला. ताईनं पापणी हलवली नाही. हळूहळू तो जोर ओसरला. धुकं विरलं, पट्टा सैल पडला, बोटांत रक्त परत आलं.

"आई, अजून एक?" पोरीनं विचारलं.

"दोन सांग. मलाही हवंय."

पोरगी दुकानाच्या खिडकीकडे पळाली, दोन कप घेऊन आली आणि समोर बसून चमचा चाटू लागली. ताईनं सहज काचेकडे पाहिलं. धुकं परत आलं होतं. पातळ, अगदी खालच्या कडेला. त्यात एक रेघ उमटत होती. बिचकत, थांबत थांबत. ती अंगठ्याची नव्हती. तिच्या करंगळीहूनही बारीक होती, लहान मुलाच्या बोटाची. ताईला मूल एकच, आणि ते समोर बसून तिच्याकडे बघून हसत होतं. म्हणजे आत त्यानं आणखी कुणालातरी धरून ठेवलं होतं.

ताईनं घड्याळ काढलं नाही. पोरीला दिसू नये म्हणून त्यावर तळहात धरला आणि मनगट हळूच ओठांशी नेलं.

"घाबरू नकोस, बाळा," ती म्हणाली. "तू कोणाचं...?"