नमुना क्रमांक तीन

छपाईच्या दुकानातलं ते यंत्र फार उतावीळ होतं. अगदी तिच्यासारखंच. तिने पिशवीतून छत्री काढेपर्यंत त्याने दुसरं पान बाहेर फेकलंसुद्धा. ते फरशीवरून घसरत गेलं आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या एका माणसाच्या बुटाशी जाऊन थांबलं.

त्याने ते उचललं, झटकलं, आणि तिला द्यायचं सोडून वाचायला लागला.

दुसऱ्याचे कागद वाचणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग. पण हा वाचता वाचता असा काही गप्प झाला... जुन्या सदऱ्याच्या खिशात विसरलेली चिठ्ठी हाताला लागावी तसा.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. मग कोण लिहिणार?"

प्रश्न नीट संपायच्या आत उत्तर. ही तिची खोडच होती. शाळेतली पोरं पाठीमागे तिला 'एक्सप्रेस' म्हणायची ती उगाच नाही.

"छान आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... खरं आहे."

त्याने पान दिलं. बोटाला बोट लागलं नाही, पण लागता लागता राहिलं, आणि ते जास्त लक्षात राहतं. बाहेर भुरभुर चालू होती. ती छत्री न उघडताच अर्धा रस्ता चालून गेली. 'छान आहे' हे दोन शब्द तिने घरापर्यंत जपून नेले. दारात चपला काढताना मात्र तिला आठवलं, की तो कागद आपण लिहिलेला नाही. नीट वाचलेलासुद्धा नाही.

झालं होतं असं. यंदा ती शिकवत होती त्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने, अगदी मुख्याध्यापिकांनीसुद्धा, स्वतःचा शिकण्याचा आराखडा लिहायचा होता. शिकवायचा नव्हे, शिकायचा. मला काय येत नाही, ते मी यंदा कसं शिकणार, आणि शिकले की नाही हे कोण बघणार. दोन पानं फक्त. पण मला काय येत नाही, हे कागदावर लिहायला बसल्यावर तिला एकदम भांडी घासायची आठवण झाली, मग कपाट आवरायची. शेवटच्या दिवशी तिने स्टाफरूमच्या संगणकावरचा 'नमुना क्रमांक तीन' उघडला. नाव नसलेल्या कुणा सरांनी लिहिलेला. मेथी निवडावी तसे तिने त्यातले 'विचारतो', 'सांगतो' काढून 'विचारते', 'सांगते' घातले, वर आपलं नाव टाकलं आणि मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, स्टाफरूममध्ये आल्या त्या एका पाहुण्याला घेऊनच.

"हे पलीकडच्या शाळेतले सर. वर्षभर दर बुधवारी येणार. आपापल्या आराखड्यात आपल्याला सोबत करणार. मार्क नाहीत, शेरे नाहीत. घाबरू नका."

दुकानातला माणूस. तोच सदरा, कॉलरला कालच्या पावसाचा डाग.

"मी फक्त एवढंच सांगेन, की आराखडा हा..." त्याने सुरुवात केली.

"ते सगळं मी सांगितलंय त्यांना," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि मग जीभ चावली. त्यांच्या स्वतःच्या आराखड्यात पहिलीच ओळ होती : समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणे.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी एकेकाला बोलावणं आलं. तिची पाळी आली तेव्हा तिची दोन पानं त्याच्यासमोर होती, आणि एका शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ.

"तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

"हो."

"इथे 'माझ्या भूगोलाच्या तासाला' असं लिहिलंय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अंगाला कितीही आवर घाला, कान कुणाचं ऐकत नाहीत. खरं बोलायला तेवढीच वेळ बरी होती. एक श्वास घेतला असता तर जमलंही असतं. पण एक्सप्रेस कुठली थांबायला.

"भूगोलही शिकवते मी. अधूनमधून. आवडतो मला."

"अगं मग आधी नाही का सांगायचं?" मागून मोठ्या बाई. त्या कपाटातून हजेरीपट काढत होत्या. "भूगोलाच्या बाई रजेवर गेल्यापासून सातवीचा तास ओस पडलाय. पुढच्या बुधवारी तू घे. सर बघायला बसतील."

त्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मी शेवटच्या बाकावर बसेन. नसल्यासारखा."

त्या आठवड्यात तिने आत्याच्या शिलाई मशीनशेजारी बसून नद्या पाठ केल्या. आई-वडलांची बदली झाली तेव्हापासून ती आत्याकडेच राहायची.

"विज्ञानाच्या बाईला नद्या कशाला गं?" आत्याने दोरा तोडत विचारलं.

"खोटं बोलले म्हणून."

"मग ठीक," आत्या म्हणाली. "शिक्षा जरा कमीच दिसतेय."

तो तास! नदी वळणं का घेते, असं तिने विचारलं आणि का घेते ते सांगितलं. गाळ कुठे साचतो ते विचारलं, तेही सांगितलं. वर्ग आज्ञाधारकपणे फळ्याकडे बघत होता. शेवटच्या बाकावर तो एका चिठोऱ्यावर बारीक रेघा ओढत होता. घंटा झाल्यावर पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी तिच्याजवळ आली आणि कसलाही आगाऊपणा न करता म्हणाली, "बाई, तुम्हीच विचारता आणि तुम्हीच सांगता. मग आम्ही काय करायचं?"

वर्ग रिकामा झाल्यावर त्याने चिठोरा पुढे केला.

"एक्केचाळीस प्रश्न. अडतीस उत्तरं तुमची."

"आणि उरलेली तीन?"

"तेव्हा तुम्ही खडू शोधत होतात."

घरी गेल्यावर तिने नमुना क्रमांक तीन पहिल्यांदा खरोखर वाचला. 'मी वर्गाला प्रश्न विचारते आणि कुणी बोलायच्या आत उत्तरही देऊन टाकते. शांतता झाली, की मला येत नाही असं मुलांना वाटेल, अशी भीती वाटते. यंदा मला सात मोजेपर्यंत गप्प राहायला शिकायचं आहे.'

उसनी चप्पल घालावी आणि ती आपल्याच मापाची निघावी! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी तर केलीच होती, वर चोरलेल्या कागदावर आपलाच फोटो होता.

पुढचे बुधवार त्या सात आकड्यांनी भरून गेले. ती विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारायची, आणि शेवटच्या बाकावरून त्याची पेन्सिल बाकावर हलकेच वाजायची... एक... दोन... तीन. सुरुवातीला चारच्या पुढे तिला घाम फुटायचा. एकदा सहाव्या ठोक्याला, वर्षभरात तोंड न उघडलेल्या एका पोरीने सांगितलं, की बर्फ पाण्यावर का तरंगतो. अर्धं चूक होतं. पण तिचं स्वतःचं होतं. त्या दिवशी तिला मागच्या बाकाकडे बघायचं धाडस झालं नाही, कारण डोळे भरले होते. बघितलं असतं तर दिसलं असतं, की त्याची पेन्सिल केव्हाच थांबली होती.

"तुम्ही कधी गप्प बसता का हो?" व्हरांड्यात त्याने एकदा विचारलं.

"झोपेत. आत्या म्हणते, तेव्हाही नाही."

"झोपेत काय बोलता?"

"बुधवारचं विचारताय की इतर दिवसांचं?"

बोलून गेल्यावर तिचे कान असे पेटले, की तिने वह्यांचा गठ्ठा तोंडासमोर धरला. तो दुसरीकडे बघून हसला. घरी आत्यानेही विचारून झालं होतं, की बुधवारीच केस विंचरायला एवढा वेळ का लागतो.

सगळं असं गोड चाललं असताना मोठ्या बाईंनी जाहीर केलं, "शनिवारच्या बैठकीत ही आपला आराखडा वाचून दाखवेल. असा प्रामाणिक आराखडा मी दुसरा पाहिला नाही."

प्रामाणिक.

बुधवारी ती ठरवूनच आली होती, की आज त्याला सांगायचं. बाकी कुणाला काय वाटेल याचं तिला फारसं काही नव्हतं. पण ज्या माणसाने पहिल्याच भेटीत 'खरं आहे' म्हटलं, त्याच्या नजरेतून उतरायचं म्हणजे... व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता.

"काही सांगायचंय का तुम्हाला?" त्याने विचारलं. अगदी हलक्या आवाजात.

"नाही," ती म्हणाली. एकसुद्धा न मोजता.

त्याने पत्र्यावरून गळणाऱ्या धारांकडे पाहिलं. मग छत्री उघडून निघून गेला.

शनिवारी ती चौदा सहकाऱ्यांसमोर उभी राहिली. मोठ्या बाई कौतुकाने बघत होत्या. बुधवार नसूनही तो आला होता, खिडकीपाशी बसला होता. ती कागदाकडे बघत राहिली. एक. दोन. कुणीतरी खाकरलं. चार. पाच. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी सात मोजले, आणि सातला जे वर आलं ते सांगून टाकलं.

"हा आराखडा माझा नाही. मी नमुन्यातून उतरवलाय. भूगोल कधीच शिकवला नव्हता, त्या एका तासाआधी. ज्याने कुणी लिहिलाय त्याची मी माफी मागते. आणि मला एक कोरा फॉर्म हवाय."

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं, आणि मग, सगळ्यांच्या देखत, मिटलं. उठून त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म काढला आणि तिच्या हातात दिला. त्यांचाही आराखडा बहुतेक मार्गी लागत होता.

तिने सातवीच्या रिकाम्या वर्गात जाऊन शेवटचा बाक गाठला. त्याचाच. थोड्या वेळाने दारात पावलं वाजली.

"तो नमुना माझा आहे," तो दारातूनच म्हणाला.

तिने मान वर केली.

"पाच वर्षांपूर्वी लिहिला होता. वरच्यांना इतका आवडला, की नाव काढून सगळ्या शाळांना वाटला. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि मी सुटलो. त्यातलं एक अक्षरसुद्धा केलं नाही. माझ्या वर्गात पोरं अजून माझ्याआधी बोलत नाहीत. दुकानात ते पान हातात आलं ना... मला वाटलं, कुणीतरी मला पकडलं."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी मला नद्या शिकवायला लावल्यात?"

"ते मोठ्या बाईंनी."

"तुम्ही अडवलं नाहीत."

"नाही अडवलं." त्याने खाली बघितलं. त्याचेही कान लाल होतात हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. "खरं सांगितलं असतं, तर मलाही सांगावं लागलं असतं, की मी काहीच केलेलं नाही. आणि नंतर... नंतर तुम्ही ते खरंच करायला लागलात. माझं लिहिलेलं, माझ्यासमोर, माझ्यापेक्षा चांगलं. मग बुधवार बुडेल या भीतीने गप्प बसलो. लाज वाटते मला."

"वाटायलाच हवी," ती म्हणाली. मग बाकावर थोडी सरकली. "बसा. मलाही वाटतेय. एका बाकावर पुरेल एवढी आहे."

तो बसला. सातवीचा बाक, दोन मोठी माणसं, गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्नच. बाहेर पाऊस आता नुसता रेंगाळत होता.

"स्वतःच्याच लिखाणाला 'छान आहे' म्हणालात त्या दिवशी," तिला एकदम आठवलं.

"लिखाणाला नव्हतो म्हणालो," तो पुटपुटला.

तिने कोऱ्या फॉर्मवर पेन टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. त्याने घसा साफ केला.

"एक विचारू? बुधवार सोडून... बाकीच्या दिवशीही भेटाल का? म्हणजे रोज. म्हणजे मी लगेच आयुष्यभराचं म्हणत नाहीये... बहुतेक तेच म्हणतोय."

तिने बोटाने बाकावर हलकेच ठोका दिला. एक. दोन.

"नसेल जमत तर राहू दे, मी आपलं सहज..."

"सर, दोनच झालेत."

तो थांबला. तीन. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. चार. त्याने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, मिटलं. पाच वर्षांत न केलेला अभ्यास आता एका बाकावर बसून करत होता बिचारा. पाच. सहा. सात.

सात झाल्यावरही ती जराशी थांबली. ते कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "आणि हे कुठून उतरवलेलं नाही."