फुई काय म्हणाली?

"बंदूक आहे का त्यात?" सोनमने सरळच विचारलं.

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघालेल्या जीपमध्ये आधीच मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी ड्रायव्हर नथ्थू "सरका ना भो, आखो दोन जण बठतीन, जागा शे!" म्हणत माणसं कोंबतच होता. सोनमच्या समोर बसलेल्या मुलाने पोत्यात गुंडाळलेलं एक लांबलचक गाठोडं छातीशी कवटाळलं होतं. दर वळणाला त्याचं टोक तिच्या गुडघ्यात घुसायचं.

"बंदूक?" तो दचकला, मग हसला. "कॅमेऱ्याचा स्टँड आहे हो. लागला का? सॉरी..."

कॅमेरा हा शब्द ऐकला आणि सोनमच्या मनात पाल चुकचुकली. हसू गोड होतं, नाही कशाला म्हणा! गालाला खळीही पडत होती. पण म्हणून काय झालं?

"कसलं शूटिंग?"

"माहितीपट करतोय. नाल्यापलीकडे एक फुलवंताबाई राहतात. त्यांना गावाने डाकीण ठरवून बाहेर काढलंय. तुम्ही ओळखता त्यांना?"

"नाही," सोनमने खिडकीबाहेर बघत ठोकून दिलं.

फुलवंताबाई तिची सख्खी फुई होती. फुई म्हणजे बापाची बहीण.

मग व्हायचं तेच झालं. दोघं एकाच फाट्यावर उतरली, एकाच पायवाटेला लागली. ती पुढे, तो मागे.

"माझा पाठलाग करताय?" ती गर्रकन वळली.

"मी फुलवंताबाईंकडे चाललोय... आणि तुम्ही?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. झोपडीतून फुई धावत आली आणि तिने सोनमच्या गालांचे मुके घ्यायला सुरुवात केली. तो स्टँड खांद्यावर घेऊन उभा राहिला, एक भुवई वर करून. सोनमचे कान लाल झाले.

"ओळख नाही म्हणालात, पण स्वागत मात्र जोरात आहे," तो म्हणाला.

त्याचं नाव पुनीत. अक्कलकुव्याच्या बाजारात किराणा दुकान चालवणाऱ्या शांतिलाल शेठचा धाकटा मुलगा. हे कळलं तशी सोनमची शंका दुप्पट झाली. दुकान सोडून हा डोंगर चढतो कशाला? याला मिळणार काय? कॅमेरावाल्यांना ती चांगली ओळखून होती. लहानपणी पाड्यावर असाच एकजण आला होता. नाक वाहणारी, केस विस्कटलेली सोनम त्याने टिपली, आणि पुढे शहाद्याच्या बसस्टँडवर तिला भला मोठा फलक दिसला. वर तिचा चेहरा, खाली लिहिलेलं – 'यांना वाचवा.' कुणापासून वाचवा, ते काही लिहिलं नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. बरोबरच्या मैत्रिणी हसल्या, आणि ती बस येईपर्यंत फलकाकडे पाठ करून उभी राहिली.

तसं फुईचं होऊ द्यायचं नाही, तिने मनाशी पक्कं केलं. फुई म्हणजे पाड्याची दाई. अर्धा पाडा तिच्या हातावर जन्माला आलेला. पण एका पावसाळ्यात तापाची साथ आली, दोन पोरं गेली आणि कुणीतरी फुईकडे बोट दाखवलं. मग काय, घरावर दगड. पोलीस आले, कायदा समजावून गेले, दगड थांबले. पण फुईला हात धरून पाड्यात परत नेणारा कुणी निघाला नाही. तिचा सख्खा भाऊ, सोनमचा बाप रायसिंग, तोसुद्धा गप्प बसला. फुईची आता एकच इच्छा होती. होळीला आपल्या पाड्यात उभं राहायचं. ऊसतोडीला गेलेले, गुजरातेत गेलेले, सगळे त्या दिवशी घरी येतात, आणि फुई मात्र नाल्यापलीकडून ढोल ऐकत बसते.

"पावरी बोली येते तुम्हाला?" सोनमने पुनीतला विचारलं.

"नाही ना. बाबांना येते, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून. मी नाशिकला शिकलो, त्यात राहूनच गेली."

"मग मी सांगेन फुई काय म्हणते ते."

हे तिचं रोजचंच काम होतं. अक्कलकुव्याच्या दवाखान्यात डॉक्टरला पावरी कळत नाही, पेशंटला डॉक्टर कळत नाही, मधे सोनम. पण इथे तिला भाषांतर करायचंच नव्हतं, पहारा द्यायचा होता. दर सुट्टीला ती यायची आणि फुईचं एकेक वाक्य चाळून मगच पुढे पाठवायची.

"इतका वेळ बोलल्या त्या, आणि तुम्ही म्हणता 'बरं चाललंय'?" पुनीत एकदा म्हणाला.

"पावरी लांबते जरा."

"आणि तुमचं मराठी आखडतं वाटतं!"

तिने ओठ चावून हसू दाबलं.

एक मात्र खरं. पहिले कित्येक दिवस त्याने कॅमेरा पोत्यातून काढलाच नाही. फुईबरोबर लाकडं आणली, कोंबड्या हाकल्या, शेळीच्या ढुशा खाल्ल्या. फुईने कौतुकाने कोंबडी कापायची म्हटलं, तर हा हात जोडून उभा! मटण नको, कांदा नको, लसूण नको, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचं.

फुई पावरीत काहीतरी म्हणाली आणि पोट धरून हसली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पाहुणा साधा आहे."

"खरं सांगा."

"...म्हणाली, ससा पाळलाय का गं!"

तो असा मोकळा हसला, की सोनमला घटकाभर सगळ्या शंकांचा विसर पडला. मग आठवल्या. पण पहिल्यासारख्या टोकदार राहिल्या नव्हत्या, आणि याचाच तिला राग आला.

एका संध्याकाळी तिने त्याला फलकाची गोष्ट सांगितली. का सांगितली, देव जाणे.

"त्या फलकामुळे लोकांना तुमची कीव आली असेल," तो म्हणाला. "कीव करून माणूस आपल्या वाटेने निघून जातो. मला तसं नकोय, सोनम. फुईंना बघून एखाद्याला वाटलं पाहिजे, अरे, ही तर माझ्याच घरातली बाई! इतकंच जमलं तरी पुष्कळ. म्हणून तर सिनेमा आधी तुमच्या पाड्यात दाखवायचा, बाकी जग नंतर."

पाड्यात? ज्यांनी दगड मारले त्यांच्याच समोर? उद्या हा जाईल शहरात बक्षीस घ्यायला. दगड खाणार कोण?

दुसऱ्या दिवशी शूटिंगच्या वेळी पुनीतने कॅमेरा चालू ठेवूनच विचारलं, "फुईंना विचारा, चेहरा दाखवला तर चालेल ना? नको असेल तर मी ब्लर करेन. त्यांची मर्जी."

सोनमने विचारलं. फुईने पदर सारखा केला, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि पावरीत ठणकावून सांगितलं, "दाखव. पुरं तोंड दाखव माझं. मला विसरलेत ते. बघू देत."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली..." सोनम म्हणाली, " चेहरा दाखवायचा नाही."

त्याने मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. घरी वडिलांना रेकॉर्डिंग ऐकवलं असतं तर त्याला कळलं असतं, पण त्याने तेही केलं नाही.

होळीला चार-पाच दिवस उरले होते. पाडा माणसांनी भरला होता. शाळेच्या भिंतीवर चादर बांधली, आणि अंधार पडता पडता पुनीतने प्रोजेक्टर लावला. कारभारी रूपसिंग पुढे बसला, रायसिंग मान खाली घालून मागे. सगळ्यात शेवटी, मोहाच्या झाडामागे, सोनमची शाल डोक्यावरून ओढून फुई. ती सोनमचा हात सोडत नव्हती.

पडद्यावर नाला आला, झोपडी आली, शेळी आली. लोक खूश झाले. "आपला नाला, आपला नाला!" मग फुई आली.

लुगडं फुईचं, हात फुईचे, आवाज फुईचा. पण चेहऱ्याच्या जागी नुसता धुराचा गोळा. ती मान वळवेल तिकडे तो गोळा वळत होता.

"तोंड नाही तिला!" एक बाई किंचाळली.

"शेळीचं दिसतं, आणि हिचं दिसत नाही?"

रूपसिंग उठून उभा राहिला. "बघा! आम्ही खोटं बोलत होतो का? डाकणीचं तोंड मशीनमध्येसुद्धा उमटत नाही!"

पोरं रडायला लागली. कुणीतरी खाली वाकून दगड चाचपला. पुनीत भांबावून इकडेतिकडे बघत होता. लोक पावरीत बोलत होते आणि त्याला अक्षर कळत नव्हतं. फुईने शाल आणखी पुढे ओढून घेतली.

हे मी केलं, सोनमला उमगलं. रूपसिंगने नाही, कॅमेऱ्याने नाही. मी.

ती गर्दीतून वाट काढत प्रोजेक्टरपाशी पोचली. "पुनीत, चेहऱ्याचा तो तुकडा लावा. मूळचा, न पुसलेला."

"फुईंनी नाही म्हटलंय. मी नाही लावणार."

"फुईने 'दाखव' म्हटलं होतं! मी खोटं सांगितलं. माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. लावा आता... त्यात माझं खोटंही आहे. ऐकू दे सगळ्यांना."

त्याने तिच्याकडे बघितलं. फक्त बघितलं. त्यापेक्षा तो ओरडला असता तरी बरं झालं असतं. मग त्याची बोटं लॅपटॉपवर फिरली.

चादरीवर फुईचा चेहरा आला. सुरकुत्यांचा, हनुवटीवर गोंदलेला, चांगला ठसठशीत. "दाखव. पुरं तोंड दाखव माझं. मला विसरलेत ते. बघू देत." आणि लगेच मागून सोनमचा आवाज, मराठीत, चोरट्यासारखा – "म्हणाली... चेहरा दाखवायचा नाही."

एक म्हातारी खुदकन हसली. "रायसिंगची पोरगी बघा कशी फेकते!" हसू पसरत पसरत मागपर्यंत गेलं. खाली वाकलेला माणूस रिकाम्या हाताने सरळ झाला.

पडद्यावरची फुई मात्र हसत नव्हती. ती त्यांच्याशीच बोलत होती. "रूपसिंग, तुझा ईश्वर पायाळू होता. पहाटेपर्यंत तुझ्या बायकोचा हात धरून बसले होते मी. तू दाराबाहेर रडत होतास. त्याला ताप आला तेव्हा मी दाराशी आले, तर तू दार लावून घेतलंस. मला आत येऊ द्यायचं होतं रे. मला त्याला एकदा बघायचं होतं."

तापाने गेलेल्या दोन पोरांपैकी एक ईश्वर होता.

रूपसिंग मटकन खाली बसला. त्याच्या बायकोने पदर तोंडात घातला आणि मग तिचा बांध फुटला. काही माणसं उठून निघून गेली, नाही असं नाही. पण रायसिंग उठला तो झाडाकडे गेला. बहिणीच्या डोक्यावरची शाल त्याने मागे सारली आणि लेकरासारखा हुंदके देत तिला पुढे उजेडात घेऊन आला.

"होळीला ये," रूपसिंग तिच्याकडे न बघता म्हणाला. मग बघितलं. "ये, बाई."

सगळं निवळल्यावर सोनम वळली, तर पुनीत वायरी गुंडाळत होता.

"रागावलात?"

"नाही." तो थांबला. "वाईट वाटलं. तुम्ही फुईंचं तोंड पुसलंत ते माझ्या भीतीने. मी मात्र तुमचा शब्द खरा मानून बसलो होतो." स्टँड खांद्यावर टाकून तो निघाला. आज त्याने वळून बघितलं नाही.

पुढचे दिवस सोनमने दवाखान्यात सगळी नावं चुकीची पुकारली. येईल का होळीला? कशाला येईल? सिनेमा झाला, काम संपलं... शंका घेण्यात आयुष्य गेलेल्या मुलीला आता स्वतःचीच शंका खात होती. शांतिलाल शेठच्या दुकानावरून ती उगाच दोनदा गेली. एकदा तो वजन करत होता. वर बघितलंच नाही मेल्याने!

होळीच्या दिवशी पाडा नुसता घुमत होता. ढोल, घुंगरू, मोरपिसांचे टोप. फुई नवं लुगडं नेसून मधोमध उभी होती आणि बाया तिच्याशी जरा बिचकत, पण बोलत होत्या. सोनमचं लक्ष पायवाटेकडे. शेवटी कंटाळून ती वळली, आणि गुडघ्याला काहीतरी टणक लागलं.

"बंदूक नाहीये," मागून आवाज आला.

तिला हसावं की रडावं कळेना. "उशीर केलात..."

"बाबांकडे पावरीची शिकवणी लावलीय. सोडतच नव्हते. एक गिऱ्हाईक बाई आली, तर म्हणाले, आधी हिला पावरीत साखर विकून दाखव."

फुई जवळ आली. दोघांकडे आळीपाळीने बघत पावरीत बरंच काही बोलली आणि सोनमच्या गालावर टिचकी मारून नाचणाऱ्यांत निघून गेली.

"काय म्हणाल्या?" पुनीतने विचारलं. "'ससा' तेवढं कळलं मला."

सोनमने मान खाली घातली. हा पावरी शिकायला लागलाय, आता जास्त दिवस फेकता येणार नाही, हे तिला कळून चुकलं. पण फेकायचं नव्हतंच. तिने मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघत, एकही शब्द न गाळता, सांगायला सुरुवात केली.

"म्हणाली... हा ससा पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे बघतोय. कॅमेरा बंद करतो तेव्हाच जास्त बघतो. आणि तू वेडी, साऱ्या जगावर संशय घेतलास, पण आपल्याला हा आवडतो, याचा संशय तुला सगळ्यात शेवटी आला."

ढोल वाजत होते. पुनीतच्या गालावरची खळी हळूहळू उमटायला लागली.

"हे फुई म्हणाल्या," तो हलकेच म्हणाला. "आणि तुम्ही?"

"मी..." सोनमने त्याच्या हातातला स्टँड काढून आपल्या खांद्यावर घेतला. "मी म्हणते, फुई खरं बोलते. चल, तू पण नाच."