खडीवरचं चाक

ही गोष्ट खरी आहे. तारखेसकट.

घडली ती माझ्या शेजाऱ्याच्या, स्टेलनच्या बाबतीत. स्टेलन वेटलांडा गावच्या शाळेत सुतारकाम शिकवतो. त्याच्याकडून सलग दोन वाक्यं काढायला तीन कप कॉफी लागते, तेव्हा गोष्टी रचण्याचा प्रश्नच नाही.

रात्र नव्हती. सप्टेंबरातला दुसरा शनिवार, दुपारचे पावणेतीन, लख्ख ऊन.

स्टेलनने पन्नाशी ओलांडली होती. या वयात इथले पुरुष मनातलं बोलत नाहीत, जुनी मोटरसायकल घेतात. त्यानेही जाहिरात शोधली. १९७४ची हुस्कवार्ना, जंगलात चिखल तुडवणारी, कोठारात पडून असलेली. पत्ता हुल्टारीड गावाच्या पुढचा, उताराखालचं शेवटचं घर.

विकणारी आल्फहिल्ड एक्क्याण्णव वर्षांची. आपल्यामागे कुणाला पसारा उपसावा लागू नये म्हणून तिने जिवंतपणीच घर आवरायला काढलं होतं. कपाटं रिकामी झाली होती. राहिली होती ती गाडी.

गाडी मुलाची. टॉर्गनी त्याचं नाव. एकविसाव्या वर्षी जंगलात सराव करताना झाडावर आदळला आणि गेला. गाडीच्या टाकीला एक पोचा आला. गाडीला तेवढंच झालं.

आल्फहिल्डने खिडकीशी कॉफी मांडली. दोन माणसांत तीन कप.

टॉर्गनीचा बाप काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला, दुपारी झोपलेला असायचा. म्हणून पोरगा वर वळणावर, टपालपेट्यांपाशीच इंजिन बंद करायचा आणि उतारावरून नुसता घरंगळत यायचा. बरोबर तीनला. त्याला हाक मारायची सोय नव्हती. मग आई बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायची. म्हणजे ये, कॉफी झाली.

हे सांगता सांगता तिने घड्याळाकडे पाहिलं. तीन.

बाहेर... खडी करकरली.

इंजिन नाही. माणसाचं पाऊल नाही. नुसतं चाक... उतारावरून... हळूहळू जवळ.

खिडकीखाली थांबलं.

आल्फहिल्डने काचेवर दोनदा अंगठी वाजवली आणि तिसरा कप भरला.

स्टेलनने वाकून पाहिलं. अंगण रिकामं. गाडी पलीकडे कोठारात, ताडपत्रीखाली, दोन्ही टायर बसलेले.

"पंचेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "एक दिवस चुकला नाही. बापाला कधी ऐकू आलं नाही. झोपेचा पक्का होता."

"मग गाडी का विकतेस?"

"त्याला काय करायचीय ती? तो कॉफीला येतो."

स्टेलनने आपला कप संपवला. मग म्हणाला, यंदा पाऊस कमीच आहे. इथे चमत्कारानंतर हवामानावरच बोलतात.

निघताना तिने एवढंच मागितलं, की गाडी चालू झाली की एकदा आणून ऐकव.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये गाडी उघडून बसला होता. बरोबर तीन वाजता...

खडी करकरली.

स्टेलनच्या दारात खडी नाही. डांबर आहे. गेल्याच वर्षी त्याने स्वतः घालून घेतलेलं.

चाक गॅरेजच्या दारावरून गेलं... आणि आवाज बंद झाला.

सोमवारी, दोनला शाळा सुटून आल्यावर, तेच. मंगळवारी तेच.

पठ्ठ्याने काम थांबवलं नाही. गाडीबरोबर आलेले स्क्रू तंबाखूच्या गोल डब्यांत होते, प्रत्येक डबीवर टॉर्गनीचं पेन्सिलीतलं अक्षर. त्याने कार्बोरेटर धुतला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, टाकीतला गंज काढला. पोचा काढायला हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

आल्फहिल्डला फोन करायचं रोज मनात यायचं. पण सांगणार काय? तुझा मुलगा हल्ली आमच्याकडे येतो?

पाच आठवड्यांनी इंजिन बोललं. पुढच्याच शनिवारी तो गाडीवर हुल्टारीडला गेला. टपालपेट्यांपाशी पोचला आणि...

इंजिन बंद पडलं.

टाकीत पेट्रोल होतं. स्टेलनने काही केलं नव्हतं. गाडी आपली उताराला लागली, खडी करकरत खिडकीखाली येऊन थांबली.

काचेवर टकटक झाली. दोनदा. घाईघाईने.

मग आल्फहिल्डने बाहेर पाहिलं, आणि स्टेलन सांगतो, तसा चेहरा त्याला पुन्हा पाहायचा नाही.

"तू होय," ती म्हणाली.

आत टेबलावर दोन कप होते. एक तिचा. एक पालथा.

"तू गाडी नेलीस त्या दिवसापासून आला नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं तो माझ्यासाठी येतो."

गाडी इथेच ठेवतो, आत्ता ठेवतो, मला नकोच, असं स्टेलन एका दमात बोलून गेला. त्याच्या मानाने भाषणच ते.

तिने नकारार्थी मान हलवली. "ठेवलीस तर येईल. पण आता मला ठाऊक झालं ना, कशासाठी येतो ते."

स्टेलन गाडी घेऊन परतला. वळणाच्या वर चढल्यावर पहिल्याच किकला इंजिन चालू झालं.

बुधवारी त्याची बायको मॉड सुट्टी घेऊन घरी होती. एरवी ती तीनला कामावर असते. तीन वाजून गेले तशी ती गॅरेजच्या दारात आली. चेहरा पांढराफटक.

"स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कोण आहे?"

"तो गाडीपाशी येतो," स्टेलन म्हणाला.

"गाडीपाशी कुठला? गॅरेजवरून सरळ पुढे गेला. खिडकीखाली थांबलाय. काहीतरी ऐकायची वाट बघत असल्यासारखा."

स्टेलनच्या हातातला पाना खाली पडला.

गाडी जाईल तिथे त्याला जावं लागत होतं. पण शोधत होता तो आईची खिडकी.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. गाडी ट्रेलरवर घातली आणि तसाच हुल्टारीडला निघाला. टपालपेट्यांपाशी आल्फहिल्डच्या पेटीतून दोन दिवसांचं टपाल बाहेर डोकावत होतं. पेटीशी उभ्या शेजारणीने सांगितलं, सोमवारी गेली, खुर्चीत बसल्या बसल्या. कप दोन मांडले होते. दुसरा सुलटा.

ते घर आता बंद आहे. गाडी स्टेलनकडेच आहे. तीन वाजले की डांबरावर खडी करकरते... स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबते. सुरुवातीला मिनिटभर. हल्ली अर्धा तास.

एकदा मॉडला राहवलं नाही. तिने काचेकडे बोट नेलं. स्टेलनने तिचा हात धरला.

टकटक केली तर तो आत येईल.

आणि आत आलाच, तर आई गेल्याचं त्याला सांगायचं कुणी?