न ऐकताच दिलेला 'हो'

ती गाडीत एकटीच बसून भांडत होती.

गाडी छोटीशी, दोन दारांची, लालभडक स्पोर्ट्स कूपे. कंपनीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी. हातातल्या फोनवर सकाळीच आलेलं परीक्षण.

"'वेग घेतला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हा आवाज ज्यांनी पास केला, त्यांनी आधी आपले कान तपासून घ्यावेत.' कान तपासा म्हणे! अहो, तुमचे जागेवर आहेत का ते बघा आधी! गाडीचा आवाज आहे तो, मिक्सरचा नाही!"

आवाज पास केला होता तिनेच. गाडीच्या आत कुठला आवाज येऊ द्यायचा नि कुठला अडवायचा, हे ठरवणारी इंजिनिअर तीच. रस्त्याची ती खरखर, इंजिनाचा तो घुमारा तिने मुद्दाम राखला होता... आणि आता साहेब म्हणत होते, जाड अस्तर ठोका, मऊ टायर घाला. म्हणजे तिची गाडी उशीत कोंबा.

उघड्या खिडकीशी कुणीतरी खाकरलं.

"माफ करा... माझा चष्मा राहिलाय या गाडीत."

ती दचकून वळली. कालपर्यंत ही गाडी एकाच माणसाकडे होती, परीक्षकाकडे.

"तुम्ही... किती ऐकलंत?"

"मिक्सरपर्यंत सगळं. उभ्या गाडीत छान ऐकू येतं हो. माझी तक्रार चालत्या गाडीबद्दल आहे." तो डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता. "चष्मा नाही म्हणून विचारतो — रागावलात, की गाडीचाच लाल रंग पडलाय तुमच्यावर?"

घरी तिला भागूबाई म्हणत. भित्री भागूबाई, त्यातली. कुत्र्याला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, अनोळखी नंबरला आणि साहेबांच्या बुटांच्या आवाजालाही. स्टिअरिंग हातात आलं की मात्र भीती पळायची. या गाडीची मागची सीट तर इतकी एवढीशी, की भीतीलासुद्धा बसायला जागा नव्हती. त्याच उसन्या धिटाईने ती म्हणून गेली, "बसा आत. चालत्या गाडीत ऐकवते."

"पैज? माझं एकही वाक्य ऐकायचं सुटलं नाही तुमच्याकडून, तर परीक्षणातलं माझं वाक्य मी मागे घेतो. छापून."

सीटखाली चष्मा सापडला. त्याने तो पुसून डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पट्टा लावायचंच विसरला.

"पट्टा," ती म्हणाली.

शहराबाहेरचा रस्ता मोकळा होता. वेग वाढला, घुमारा चढला.

"क्लच फार छान आहे!"

"तुमचं परीक्षण नाही!"

"तुम्ही हसलात की गिअर चुकता!"

"मी नाही ह—" आणि ती गिअर चुकली.

सगळं ऐकू येत होतं. ती जिंकत होती! मग जुना, ओबडधोबड सिमेंटचा पट्टा लागला. टायर करकरू लागले. तो अचानक, खिडकीकडे तोंड करून, काहीतरी बोलला.

तिच्या कानापर्यंत आलं ते एवढंच — "...आयुष्यभर..." आणि शेवटचं "का?" मधलं सगळं टायरने गिळलं.

"काय म्हणालात?" हे अगदी जिभेवर आलं होतं. पण ते विचारलं की पैज हरली, गाडी उशीत गेली. आणि त्याचे कान तर लाल झाले होते. असले कान करून माणूस क्लचबद्दल बोलत नाही.

"हो," ती म्हणाली. समोर बघत.

तो तेव्हा वळून तिच्याकडेच बघत होता. पुढचा सगळा रस्ता तो एक शब्द बोलला नाही. गेटपाशी उतरताना फक्त म्हणाला, "बरं... येतो."

संध्याकाळी तिने ताईला फोन लावला.

"न ऐकताच हो म्हणालीस?" ताई ओरडली. "अगं भागूबाई, उद्या तो वरात घेऊन आला तर?"

"तसं नसेल गं. 'आयुष्यभर हीच नोकरी करणार का?' असंही विचारलं असेल."

"मग विचार ना त्याला!"

"विचारलं तर त्याचं परीक्षण खरं ठरेल."

"आणि नाही विचारलंस तर?"

रोज सकाळी ती त्याचा लेख आलाय का ते बघायला फोन उघडायची. त्याने वाक्य मागे घेतलं असेल तर ते तिच्या खोटेपणाच्या जोरावर. आणि प्रश्न भलताच असेल तर... नाही, त्याहून मोठी भीती दुसरीच होती. प्रश्न तोच असेल, आणि ती तो ऐकायची राहिली असेल!

आठवडा उलटला. ना लेख आला, ना तो. शेवटी तीच निघाली. त्याच्या कचेरीखाली तीच लाल गाडी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणा परक्याला स्वतःहून फोन केला. तो धावतच खाली आला, दार उघडून शेजारी बसला. तिने इंजिन बंद केलं.

"लेख का नाही लिहिलात?"

"चाचणी अपुरी राहिली."

"अपुरी नाही. मी हरले." एका दमात बोलून टाकलं तिने. "तुम्ही सिमेंटच्या रस्त्यावर काय विचारलंत, ते मला ऐकू आलं नाही. गाडीसाठी खोटं बोलले. साहेबांना काय सांगायचं ते सांगा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे... तुम्ही उत्तर दिलं होतंत?"

"'हो' म्हणाले होते ना!"

"मला नाही ऐकू आलं. नुसते ओठ दिसले, गोल झालेले. 'हो'ला गोल होतात, तसे 'नको'लाही होतात. मी 'नको' धरून चाललो. परत विचारायची हिंमतच होईना."

आठवडाभर दोघंही घाबरून बसली होती, आणि तेही एकाच शब्दाला! तिला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

"विचारलं काय होतं पण?"

"हेच... की या असल्या आवाजात, आयुष्यभर माझ्याशी ओरडून बोलायला तुम्हाला चालेल का?"

मग ती गाडीच्या वतीने, शेवटचं भांडून घ्यावं तशी म्हणाली, "लेखात लिहा. या गाडीत शेजारच्याचं ऐकू येत नाही, जवळ सरकावं लागतं. म्हणूनच ती इतकी लहान केलीय."

"लिहितो. शब्दन् शब्द. आणि... उत्तर?"

गाडी बंद होती. हळू बोललं असतं तरी ऐकू आलं असतं. तरी ती सरकली, अगदी त्याच्या कानाशी गेली, आणि तोच शब्द पुन्हा म्हणाली.