प्रतिरूप वळलं नाही

पुण्यातल्या धोकामापन प्रयोगशाळेत ऋजुता घोरपडेला ज्या खुर्चीत बसवलं, तिच्यासमोर स्टिअरिंग होतं, पायाशी ब्रेक होता, गाडी मात्र नव्हती. समोरच्या भिंतीच्या जागी अर्धगोल पडदा होता. तिच्या डोक्यावर तारांच्या बारीक जाळीची टोपी चढवली होती आणि दोन्ही मनगटांना गार पट्टे बांधले होते.

"हात सैल सोडा," डॉ. सारंग बुधकर म्हणाले. "ही काही परीक्षा नाही."

"एकूणएक विमा कंपन्यांनी नापास करून झालंय, डॉक्टर. आता परीक्षेची भीती उरली नाही."

बुधकर हसले नाहीत. प्रयोगशाळेचे ते प्रमुख. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पट्टा थोडा सैल करत त्यांनी विचारलं, "परवाना परत मिळाला ना?"

"मिळाला. पण गाडी जागची हलत नाही."

शहरांतल्या गाड्या आता आपल्या आपण चालत. कोयनेच्या खोऱ्यात मात्र डोंगरांमुळे संदेशलहरी पोहोचत नसत. शेवटच्या गावाशी येऊन स्वयंचल गाड्या मुकाट्याने मागे वळत. त्यापुढे जायचं तर हस्तचालनाचा परवाना हवा, आणि विमा चालू नसेल तर हस्तचालनाच्या गाडीचं इंजिनच सुरू होत नसे. ऋजुता खोऱ्यातली जनावरांची डॉक्टर होती. वर्षभराचं निलंबन संपलं, पण तिच्या नावापुढे 'अतिधोका चालक' असा शेरा लागला तो लागलाच. तिला विमा द्यायला कुणी तयार होईना. वर्षभर ती कुणाकुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून वाड्यावस्त्या गाठत होती. गेल्या आठवड्यात एका वस्तीवर म्हैस अडली होती. ऋजुता पोहोचली तेव्हा रेडकू गेलं होतं आणि म्हैस शेवटच्या घटका मोजत होती.  म्हशीच्या मालकिणीने फक्त ऋजुताच्या हातावर पाणी घातलं.

शेवटी एका छोट्या कंपनीने सांगितलं होतं, नव्याने मोजणी करून आणा, मग बघू.

"तुम्ही नक्की मोजता काय?" ऋजुताने विचारलं.

"तुम्हाला सांगणं सोपं आहे. म्हैस लाथ मारते, ती ठरवून मारते का?"

"नाही. आधी पाय उठतो. पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एखादी कासेला हात लावू देत नाही, एखादी कितीही दुखलं तरी पाय उचलत नाही."

"माणसाचंही तेच. समोर अचानक काही आलं की डोक्यात विचार उमटायच्या आत हातपाय काहीतरी करून मोकळे होतात. त्या अर्ध्या क्षणात कोण काय करील, ते त्याच्या मज्जातंतूंच्या जोडणीतच असतं. ती जोडणी मोजून आम्ही संगणकात तिची प्रतिकृती उभी करतो. चालक-प्रतिरूप म्हणतात तिला. प्रतिरूपाला बोलता येत नाही, दुःख होत नाही. ते फक्त गाडीत बसतं. हजारो रस्त्यांवर आम्ही त्याला फिरवून आणतो."

"आणि ते चुकत नाही?"

"त्या अर्ध्या क्षणात तरी अजून चुकलेलं नाही."

"मग ते वळेलच," ऋजुता म्हणाली. "मी वळवली होती."

अपघाताच्या दिवशी सकाळी ती आणि तिचा नवरा निषाद घाट उतरत होते. ती चालवत होती, निषाद डावीकडे बसून संत्रं सोलत होता. एका वळणावर करडामागे धावणारी लहान मुलगी एकदम रस्त्यात आली. उजवीकडे दरी, डावीकडे कातळ. ऋजुताला तो पिवळा फ्रॉक दिसल्याचं आठवत होतं. त्यानंतरचं आठवत होतं ते इस्पितळाचं छत. गाडी डावीकडे कातळावर आदळली होती. मुलीला ओरखडासुद्धा आला नव्हता. डावी बाजू पत्र्याच्या डब्यासारखी चेपली होती आणि निषाद जागीच गेला होता.

गाडीतल्या नोंदयंत्राने सांगितलं, स्टिअरिंग जोरात डावीकडे फिरलं. चौकशीत विचारलं तेव्हा ऋजुता म्हणाली, "मीच वळवली." गाडी तिच्या हातात होती, दुसरं कोण वळवणार? चालकाच्या निर्णयामुळे प्रवाशाचा मृत्यू, असं कलम लागलं. तिने वाद घातला नाही.

निषादचे वडील आबा इस्पितळात तिच्या उशाशी बसून होते. बायको लवकर गेल्यावर त्यांनी एकट्याने निषादला वाढवलं होतं. धरणावर इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, बोलणं मोजकंच. ते म्हणाले होते, "तू त्या लेकराला वाचवलंस. माझा तुझ्यावर राग नाही, पोरी. मनात काही ठेवू नकोस." त्या एका वाक्याच्या आधाराने ती वर्षभर उभी होती. आपण नवऱ्याला मारलं, पण एक मूल वाचवलं. एवढंच तिच्याजवळ होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुधकरांनी तिला आत बोलावलं. आबा तिच्यासोबत पुण्याला आले होते. ते बाहेर बाकावर थांबले.

"विमा मिळेल तुम्हाला," बुधकर म्हणाले. "अतिधोका श्रेणीतून नाव निघेल. तुम्ही सुरक्षित चालक आहात."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण बुधकर टेबलावरचा पेन इकडून तिकडे सरकवत राहिले.

"काय झालंय, डॉक्टर?"

"तुमच्या घाटातलं वळण आम्ही जसंच्या तसं उभं केलं. उतार, वेग, ती मुलगी, डाव्या आसनावर निषादची नुसती आकृती. तुमचं प्रतिरूप वळलं नाही."

"म्हणजे?"

"सरळ गेलं. जोरात ब्रेक दाबला, पण अंतर कमी होतं."

ऋजुताने त्यांच्याकडे बघितलं. "माझं डोकं आता ठिकाणावर नाही, डॉक्टर. या वर्षभरात काय काय झालं माझं. त्या मोजणीला काय अर्थ आहे?"

"तीच शंका मला आली. परवाना घेताना तुमची मोजणी झाली होती. अपघाताआधीचं ते प्रतिरूप आमच्याकडे जपून ठेवलेलं आहे. तेही चालवून पाहिलं."

"आणि?"

"तेही सरळ गेलं. प्रत्येक वेळी. मग मी डावं आसन रिकामं केलं. तेव्हा ते वळलं. दरीच्या बाजूलासुद्धा वळलं. शेजारी निषाद असला की मात्र वळत नाही. त्यांना इजा होईल असं काही तुमचे हात करतच नाहीत."



"पण गाडी तर वळली," ऋजुता म्हणाली.

"हो."

"नोंदयंत्र चुकलं असेल."

"कातळ चुकलेला नाही. गाडी वळलीच. म्हणून मी नोंदयंत्राचे मूळ आकडे मागवले. चौकशीत ते कुणी बघितले नव्हते, कारण तुम्ही स्वतःच सांगितलंत की मी वळवली. तुमच्या दोन्ही हातांचा दाब स्टिअरिंगवर शेवटपर्यंत होता. आणि तो वळण्याच्या विरुद्ध दिशेने होता. तुम्ही गाडी सरळ धरून ठेवत होतात, ऋजुताताई. तुमच्यापेक्षा जास्त जोराने कुणीतरी ती डावीकडे ओढली."

तिला कळलं. बुधकरांनी सांगायच्या आधी कळलं, आणि तरीही ती म्हणाली, "गाडीत आम्ही दोघंच होतो."

"हो," बुधकर हळूच म्हणाले. "निषादकडेही हस्तचालनाचा परवाना होता. त्यांचंही प्रतिरूप आमच्याकडे आहे. गेलेल्या माणसाचं प्रतिरूप पत्नीच्या संमतीशिवाय चालवता येत नाही. आणि तुम्ही संमती द्यावी, असं मी म्हणणार नाही. तुमचा विमा त्यावाचूनही मंजूर आहे. इथून उठून सरळ घरी जाऊ शकता."

ऋजुताने टेबलावरची संमतीची पाटी पुढे ओढली. मग तिने पाटीवर अंगठा टेकवला.

पडद्यावर घाट उजळला. माणसांना चेहरे नव्हते. उजवीकडे एक करडी आकृती, डावीकडे दुसरी. निषादचं प्रतिरूप संत्रं सोलत नव्हतं, नुसतं बसलं होतं, पण खांदा जरासा झुकलेला, अगदी तो बसायचा तसा. वळण आलं. रस्त्यावर एक छोटी आकृती आली. उजवीकडच्या आकृतीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले, पाय ब्रेकवर गेला, गाडी सरळच राहिली. आणि डावीकडून एक हात आला. त्याने स्टिअरिंग वरून पकडलं आणि स्वतःच्या बाजूला ओढलं.

पडदा पांढरा झाला.

"पुन्हा," ऋजुता म्हणाली.

पुन्हा घाट, पुन्हा तो हात. तिसऱ्यांदाही तसंच. चौथ्यांदा ती काही म्हणायच्या आत बुधकरांनी पडदा बंद केला.

"त्याला माहीत होतं का?" तिने विचारलं. "आपल्या बाजूला कातळ आहे, हे माहीत असून त्याने ओढली?"

बुधकर तिच्याकडे वळले. "शास्त्रज्ञ म्हणून सांगायचं तर, शेजारी बसलेल्या माणसाला स्टिअरिंग लोटण्यापेक्षा ओढणं सोपं जातं. तो अर्धा क्षण विचाराच्या आधीचा असतो. त्यांनी निवड केली की नुसता हात गेला, ते आमच्या यंत्राला कळत नाही. कुठल्याच यंत्राला कळणार नाही."

"मी मात्र त्या मुलीच्या अंगावर गाडी घातली असती."

"तुम्ही निषादना धरून ठेवलंत," बुधकर म्हणाले. "तुमच्या हातांनी तेवढंच केलं."

चौकशी समितीला हे कळवणं त्यांना भाग होतं. निलंबनाचा शिक्का पुसला जाईल, असं ते म्हणाले. ऋजुताने मान हलवली. त्या मुलीची आई दर बाजारच्या दिवशी दवाखान्यात यायची, बाजूला उभी राहून हात जोडायची आणि जायची. ऋजुता तो नमस्कार घेत आली होती. आता त्याचं काय करायचं, ते तिला सुचेना.

परतीची गाडी स्वयंचल होती. तिला स्टिअरिंग नव्हतंच. समोर मोकळी काच, मागे दोघं शेजारी शेजारी. सातारा मागे पडला. तिच्या मोबाइलवर विमा कंपनीचा निरोप येऊन पडला होता: अभिनंदन, आपली नोंद सुरक्षित चालक श्रेणीत झाली आहे.

आबांनी तो वाचला. "मिळाला की! मग चेहरा का असा?"

गप्प राहता आलं असतं. आबा तिला माफ करून बसले होते, त्यांचं दुःख एका जागी स्थिर झालं होतं. ते हलवायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटलं. पण शेजारी बसून त्यांना फसवणंही तिला जमेना. आणि निषादने जे केलं ते स्वतःच्या नावावर ठेवून घेणं तर त्याहून जमेना.

तिने सगळं सांगितलं. सरळ गेलेलं प्रतिरूप, उलट्या दिशेचा दाब, डावीकडून आलेला हात. "आबा, मी नाही वळवली. मी तर त्या पोरीच्या अंगावर जात होते. निषादने वळवली."

आबा ऐकत होते. धरणाच्या कामात मोजमापांची सवय झालेल्या माणसासारखे त्यांनी दोन प्रश्न विचारले, दाब किती होता आणि हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला होता का. तिने सांगितलं. त्यांनी बोटांनी हवेतच ते ओढून पाहिलं, स्वतःच्या अंगाकडे. हात तसाच छातीशी राहिला.

"म्हणजे त्याने स्वतः," ते म्हणाले.

"बुधकर म्हणतात, कदाचित नुसता हात गेला असेल. विचार नसेल."

"त्याचा हात मला माहीत आहे." आबांनी काचेबाहेर तोंड वळवलं. "लहानपणी दुसऱ्याचं पोर विहिरीत पडलं म्हणून हा उडी मारायला निघाला होता. स्वतःला पोहता येत नव्हतं. मी धरून ठेवला होता."

गाडी आपल्या आपण वळणं घेत होती, अगदी अलगद. ऋजुताने त्यांचा हात हातात घेतला. तिला वाटलं, ते आता म्हणतील, तुझ्यावरचा डाग गेला, बरं झालं. किंवा म्हणतील, माझ्या मुलाचा मला अभिमान वाटतो. गावातले लोकही नंतर हेच म्हणणार होते.

आबांनी काचेवरून नजर तिच्याकडे वळवली.

"तुला माफ करणं सोपं होतं गं, पोरी," ते म्हणाले. "तुझा हात वळला, नशीब म्हटलं आणि झोपलो. पण तो शुद्धीत होता. मी घरी वाट बघतोय, तू शेजारी बसली आहेस, हे त्याला ठाऊक होतं. आणि तरी त्याने ओढली." त्यांचा आवाज फुटला. "त्याला कसं माफ करू मी?"