भाकरीचं नाव साकू

परतीच्या पावसाचं आणि माझं अजिबात जमत नाही. पाऊस आला की इतर मुलींना काय काय सुचतं म्हणे. मला एकच सुचतं... भाकऱ्या सादळणार!

त्या दिवशी मी उमरग्याच्या स्टँडवर उतरले आणि तो आलाच. माझ्याजवळ कडक भाकरीचे दोन खोके होते. ज्वारीची, तीळ लावलेली, हातात धरली तर पलीकडचा उजेड दिसेल इतकी पातळ भाकरी. कोरडी राहिली तर महिना-दोन महिने टिकते, ओल लागली की तासाभरात वातड. मी ओढणी काढून खोक्यांवर पसरली. एक खोका झाकला की दुसरा उघडा पडायचा.

"सरका जरा," असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या समोर भलामोठा मिशीवाला चेहरा उलगडला. फ्लेक्सवरचा. कुणा भावी सरपंचाचा वाढदिवस होता. खोक्यांवर तो फ्लेक्स अंथरून झाला, तेव्हा त्याच्यामागून एक खराखुरा चेहरा बाहेर आला. बिनमिशीचा, निथळणारा आणि उगाचच हसरा.

"अहो, साहेब भिजतायत!" मी म्हणाले.

"भिजू द्या की. साहेब पयल्यांदाच कुणाच्या कामाला आलेत."

मला हसू आलं. तीन वर्षं मी त्या स्टँडवर उतरत होते, तिथं हसल्याचं मला आठवत नव्हतं.

"मी उत्तरेश्वर. ढोकीचा. इथं स्टँडच्या मागं फ्लेक्सचं दुकान टाकलंय. स्टिकर, लेबल, समदं छापतो." मग त्यानं खोक्यातलं एक पाकीट उचलून मोठ्यानं वाचलं, "एस. पी. फूड प्रॉडक्ट्स. ह्यात भाकरी हाय व्हय? मला वाटलं, गुरांचं औषध."

"एस. म्हणजे शिवांजली. पी. म्हणजे पार्वतम्मा, माझी अव्वा, आई."

"मग तसं लिवा की. आद्याक्षरं कोण खातंय?"

राग यायला हवा होता. पण खरं सांगू का, रागावण्याइतकीही ताकद तेव्हा माझ्यात उरली नव्हती. मुरुमला आमच्या घरी पहाटेपासून अव्वा आणि मी भाकऱ्या थापायच्या, मग मी खोके घेऊन एसटीत बसायचं. दुकानात गेलं की दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "मागचाच पडलाय, पुढच्या हप्त्यात बघू." पुढच्या हप्त्यात पुन्हा तेच. मी गेले नाही तर माझी आठवण काढणारं एकही दुकान तालुक्यात नव्हतं.

म्हणून मी अव्वाला सांगून टाकलं होतं. येळवशीपर्यंत बघायचं. येळवस अमावस्येला आमचा अख्खा जिल्हा शेतात जेवायला जातो, तेव्हा भाकरीला मागणी असते. तोवर एका तरी दुकानदाराचा स्वतःहून फोन आला, की 'शिवांजली, माल पाठव', तर धंदा चालू ठेवायचा. नाही आला तर तवा पालथा घालायचा. सोलापुरात मावशीच्या ओळखीनं दवाखान्याच्या काउंटरवर एक नोकरी होती. निदान खुर्चीवर बसायला मिळालं असतं.

हे सगळं मी उत्तरेश्वरला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. त्याच्या दुकानात एक पंखा होता आणि त्यानं तो माझ्याकडे वळवला होता, एवढंच कारण असावं.

त्यानंतर तो माझ्या मागेच लागला. पत्रकं छापली. माझ्या हातात भाकरी देऊन व्हिडिओ काढले. भाकरी मोडतानाचा 'कट्ट' आवाज यावा म्हणून मला अकरा भाकऱ्या मोडायला लावल्या. आठवडी बाजारात मला गाडीवर मागं बसवून तो दुकानं पालथी घालायचा.

"मार्केटिंग आन ब्रँडिंग, ह्यात फरक काय, सांगा बघू," एकदा चहा पिताना त्यानं विचारलं. तालुक्याला झालेल्या कसल्याशा एका दिवसाच्या शिबिरातून तो हे शिकून आला होता.

"मार्केटिंग म्हणजे मी ओरडून सांगायचं, माझी भाकरी घ्या."

"बरोबर. आन ब्रँडिंग?"

"तेच, पण रंगीत."

तो हसला तेव्हा चहा त्याच्या शर्टावर सांडला. "न्हाय हो. ब्रँडिंग म्हंजे नाव. सुटसुटीत, तोंडात बसंल आसं. बरं नाव घावलं की झालं."

"आणि एखादा माणूस रोज काही ना काही निमित्त काढून मुरुमला येतो, त्याला काय म्हणतात?"

तो कपाकडे बघत राहिला. "ते..." कान लाल झाले होते त्याचे. "ते मार्केटिंगच. पण माल चांगला हाय."

मी तोंड फिरवलं. हसू लपवायचं होतं.

नाव शोधायला म्हणून तो आमच्या घरी आला. आमच्या घरात कानडी चालते. सीमेवरची घरं, अर्ध्या सोयरिकी कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. ढोकीच्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अव्वानं त्याला चुलीजवळच पाट दिला. शेवटची भाकरी तव्यावरून काढून अव्वा म्हणाली, "साकु." मी खोका बांधून धपकन खाली ठेवला आणि म्हणाले, "साकु!" अव्वा त्याच्या ताटात सहावी भाकरी वाढायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला, "अव्वा, साकु!"

तो मन लावून ऐकत होता. भाकरीकडे बघत मान हलवत होता. मला वाटलं, जेवण आवडलं असेल.

आठ दिवसांनी तो मोठं पुडकं घेऊन दारात उभा राहिला. "सरप्राइज हाय," म्हणाला. दोन हजार लेबलं. हिरव्या रंगावर पिवळ्या ठसठशीत अक्षरात छापलं होतं: साकू. खाली बारीक अक्षरात: मुरुमची कडक भाकरी.

मी बघतच राहिले.

"तुमच्यात भाकरीला साकू म्हंत्यात ना? काय गोड नाव हाय!"

"साकु म्हणजे पुरे!" माझा आवाज चढला. "बास! नको आता! भाकरीच्या पाकिटावर 'नको आता' असं छापलंय तुम्ही!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "म्या... म्या परत छापतो."

"कधी? उद्या माल जायचाय! येळवस तीन आठवड्यांवर आली. तीन वर्षं मी वणवण करतेय आणि तुम्हाला गंमत सुचतेय. मी दमलेय हो! तुमची पत्रकं, तुमचे व्हिडिओ, तुमचं ते शिबिर, सगळं साकु!"

आता त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. तो खाली वाकला. पुडकं ओट्यावर ठेवून गेला.

दुसरी लेबलं नव्हतीच. रात्री उशिरापर्यंत रडायची माझी इच्छा होती, पण पडल्या पडल्या झोप लागली. सकाळी आम्ही मायलेकींनी तीच लेबलं चिकटवली. अव्वा प्रत्येक पाकिटावर हात फिरवत गालातल्या गालात हसत होती, ते मला मुळीच आवडलं नाही.

उत्तरेश्वर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं ना फोन केला, ना कसलं निमित्त काढलं. मी खोके घेऊन एकटीच फिरले. बाजारात भाकरी मोडली तर 'कट्ट' आवाज आला, आणि माझे डोळे भरून आले. भाकरीच्या आवाजानं रडणारी बाई जगात मी एकटीच असेन. त्याच्या दुकानापुढून जाताना मी मान खाली घालायचे आणि घरी आले की फोन बघायचे. दुकानदाराचा फोन आला का ते बघतेय, असं अव्वाला सांगायचे. ते अर्धंच खरं होतं.

येळवशीच्या चार दिवस आधी फोन वाजला. उमरग्याचे नबीलालचाचा होते. तीन वर्षांत ज्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते किराणा दुकानवाले.

"बेटा, ते साकू संपलं ना. कवा देतीस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "चाचा... लोकांना नाव आवडलं?"

"नावाला तर लोक हसले! आळंदकडचं एक गिऱ्हाईक तर पोट धरून हसलं. बोलला, पुरे नावाची भाकरी? गंमत म्हणून एक पाकीट घेतलं. पर हसायला माणूस एकदाच येतंय बेटा. दुसऱ्या हप्त्यात त्यानं पाच पाकिटं नेली. आता बाया येऊन साकूच मागत्यात, दुसरी दिली तर परत ठेवत्यात. नाव तुझ्या त्या फ्लेक्सवाल्यानं दिलं, पर ते नाव टिकवलं तुझ्या अम्मीच्या हातानं. वीस डझन पाठव."

अव्वानं हातातलं पीठ तसंच ठेवून मला जवळ घेतलं. माझ्या केसांत, गालावर सगळीकडे पीठ. सोलापूर टळलं होतं. मला खूप आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्या आनंदाला कुणाला तरी सांगायची घाई होती. कुणाला, ते मला फार शोधावं लागलं नाही.

"जा," अव्वा म्हणाली. "तीनची गाडी आहे."

पहिल्यांदाच मी मोकळ्या हातांनी उमरग्याला उतरले. खोके नव्हते, तरी पाय जड झाले होते. काय बोलायचं ते सबंध वाटभर जुळवलं होतं आणि त्याच्या दुकानाची पायरी चढताना सगळं विसरले.

तो मशीनवर वाकला होता. मला बघून सरळ उभा राहिला. दाढी वाढली होती. बारीक झाल्यासारखा वाटला.

"लेबलं संपली?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग नवीन नाव छापायचंय?"

"नाही. नबीलालचाचांचा फोन आला. स्वतःहून."

त्याचा चेहरा उजळला, पण लगेच त्यानं तो आवरला. "लई बरं झालं. आता तुमचं काय काम न्हाय माझ्याकडं."

"तुम्ही आला का नाही इतके दिवस?"

"तुमीच म्हणलात ना... तेवढा एकच शब्द येतो मला कानडीतला. तो तरी पाळावा म्हणलं." तो खाली बघत बोलत होता. "शिवांजली, म्या रोज मुरुमच्या गाडीपातूर जायचो आन परत यायचो. तुमी मला आवडता, हे पत्रकं वाटून सांगायची गोष्ट न्हाय, एवढं कळलं मला."

पंखा फिरत होता. मशीनमधून कुणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स इंच इंच बाहेर येत होता. मी स्टुलावर बसले.

"नीवु बेकु," मी म्हणाले.

तो घाबरला. खरंच घाबरला. "थांबा. आधी अर्थ सांगा. मला कळल्याबिगर म्या आता काय बी समजून घेणार न्हाय."

"तुम्ही हवे आहात. मला. तुम्ही आला नाहीत तर दिवस सरत नाही माझा. मला कुणी सांगावं लागलं नाही, कुणी गळ घातली नाही. मी आपणहून आलेय."

त्यानं मशीनचं बटण बंद केलं. लग्नाचा फ्लेक्स नवरीच्या नावावर अडकला.

"परत म्हणा," तो हळूच म्हणाला. "लिहून घेतो."

"लिहायचं नाही," मी म्हणाले. "लक्षात ठेवायचं."

आणि तो ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला, चुकत, पुन्हा म्हणत, माझ्याकडे बघून खात्री करून घेत. मी प्रत्येक वेळी मान हलवत होते. इतकी दमले होते, तरी उठून जावंसं वाटत नव्हतं.